साडूंच्या जीपचा पंखा

जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ उष्णतेत आहे असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. भांडणं का होतात, तर डोकी तापतात म्हणून. शाळेत पोरं नापास का होतात, तर परीक्षा उन्हाळ्यात घेतात म्हणून. माझ्या लग्नात सगळे वऱ्हाडी नवरीकडे बघत असताना हे गृहस्थ मांडवामागे जाऊन जनरेटरला हात लावून आले आणि मी अंतरपाटाशी उभा असताना माझ्या कानात म्हणाले, "फार तापलाय. पंगत लवकर उरकून घ्या." आमची ही पहिली ओळख. जनरेटर खरंच बंद पडला आणि निम्मं वऱ्हाड अंधारात चाचपडत जेवलं. तेव्हापासून या माणसाचं ऐकायचं असं मी ठरवलं, आणि त्यात माझे पुढचे कित्येक रविवार गेले.

साडू सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि राहायचे नाशिकरोडला. घरात टीव्हीच्या पाठीमागे एक छोटा पंखा, फ्रिजच्या पाठीमागे दुसरा छोटा पंखा, आणि स्वतः मात्र पंख्याशिवाय झोपायचे. माणसाने घाम गाळला पाहिजे, यंत्राला ती सोय नाही, असं त्यांचं म्हणणं. थंडीतही सब्जा घातल्याशिवाय ते पाणी पीत नसत. कुणी पाहुणा आला की त्याची विचारपूस करण्याआधी त्याच्या स्कूटरच्या इंजिनाजवळ हात नेऊन बघायचे आणि मग "बसा, ती जरा निवू दे" म्हणून त्याला जबरदस्तीने जेवायला ठेवून घ्यायचे. या सगळ्याला माझी मोठी मेव्हणी, म्हणजे अक्का, शांतपणे तोंड देत असत. त्यांचा शांतपणा सुटायचा तो एकाच विषयावर, आणि तो विषय अंगणात उभा होता.

तो म्हणजे साडूंची जुनी जीप. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराकडून त्यांनी ती घेतली होती. सपाटीला गाडी सोन्यासारखी चालायची. चढ लागला की तिला ताप भरायचा. आता अक्कांची कुलदेवता वणीच्या गडावरची, वर्षातून एकदा देवीची ओटी भरायला जायचंच, आणि गड म्हटला की नांदुरीचा घाट आलाच. दर वर्षी त्याच घाटात तापमानाचा काटा वर जायचा, बॉनेटमधून वाफ निघायची आणि शेजारून जाणाऱ्या एस.टी.तली माणसं खिडकीतून माना काढून आमची विचारपूस करायची. अक्का पायाशी पाण्याचे कॅन, मांडीवर ओटीचं ताट अशा अवघडून बसलेल्या असत. "मी निघते देवीची ओटी भरायला," त्या म्हणायच्या, "आणि भरते यांचं रेडिएटर."

एका दिवाळीच्या पाडव्याला अक्कांनी साडूंना ओवाळलं आणि ताट पुढे धरून, ओवाळणी म्हणून जीप विकून टाका, असं मागितलं. पाडव्याला बायकोने मागितलेलं मोडायचं कसं, आणि जीप विकायची तरी कशी. साडूंच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळायला लागलं. शेवटी त्यांनी मुदत मागून घेतली. पुढच्या पाडव्याला गाडीला घाम न फुटता तुला गडावर नेतो. वाटेत तापली, तर तिथल्या तिथे किल्ली तुझ्या ओवाळणीत. अक्कांनी मान हलवली. साडूंनी ते वर्ष कसं काढलं ते त्यांना आणि मला ठाऊक, कारण बॅटरी धरायला मी होतो.

उपाय त्यांनी कधीच शोधून ठेवला होता. इंजिनावर फिरणारा जुना पंखा काढायचा आणि त्याच्या जागी बॅटरीवर चालणारा विजेचा पंखा बसवायचा, म्हणजे गाडी हळू चढत असली तरी वारा भरपूर. काम गॅरेजमध्ये दिलं असतं तर दुपारपर्यंत झालं असतं. पण दुसऱ्याच्या हाताने बसवलेला पंखा दुसऱ्याच्याच मर्जीने फिरतो, हे साडूंचं तत्त्व. मी देवळाली कॅम्पातून पॅसेंजर पकडून यायचो आणि आम्ही द्वारकेच्या जुन्या सामानाच्या दुकानांत हिंडायचो. मोडीत निघालेल्या कुठल्यातरी मोठ्या मोटारीचा पंखा त्यांनी पसंत केला, त्याच्यावर फुंकर मारून पाती फिरवून बघितली आणि स्थळ पसंत पडल्यासारखे हसले. घरी आणल्यावर कळलं की तो जीपच्या रेडिएटरपेक्षा चांगला हातभर रुंद आहे. तो परत दिला. दुसरा आणला, तो बसला, पण बसल्यावर बॉनेट लागेना. महिनाभर साडू बॉनेट सुतळीने बांधून कामावर जात होते.

मग मोजमापं सुरू झाली. पत्र्याच्या पट्ट्या कापायच्या आधी नमुना पुठ्ठ्यात कापायचा म्हणून घरातले मिठाईचे सगळे खोके गेले. गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट नेमका कधी उघडतो ते बघायला साडूंनी तो चहाच्या पातेल्यात उकळला, आणि ते पातेलं अक्कांनी तिथल्या तिथे त्यांना कायमचं देऊन टाकलं. पाण्याची नळी गळायला लागली तेव्हा एका ट्रक ड्रायव्हरने रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली. घरातली हळद संपली, शेजारची संपली, गळती थांबली. मात्र त्यानंतर गाडी जरा तापली की गल्लीभर फोडणीचा वास सुटायचा. पंखा घरच्या विजेवर चालवून बघायच्या नादात त्यांनी एकदा फ्यूज उडवला, तोही अक्कांची मालिका ऐन रंगात आली असताना. त्या संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर मिसळ खाऊन आलो. दिवाळी तोंडावर आली तेव्हा पंखा सुरू झाला खरा, पण वारा आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकायला लागला. साडूंनी देवघरातली उदबत्ती आणून धूर कुठे जातो ते बघितलं, कपाळाला हात लावला आणि दोन वायरी उलटसुलट केल्या. धूर सरळ रेडिएटरमध्ये शिरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धुराचं, असं ते म्हणाले.

पाडव्याची सकाळ उजाडली. अक्कांनी नवऱ्याला ओवाळलं, मग जीपलाही ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि जीपच्या तोंडावर झेंडूचा हार घातला. तो हार त्यांनी आदल्या दिवशी स्वतः ओवला होता. भरगच्च, मध्ये आंब्याची पानं, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत दुहेरी. यंदा गाडी न तापता जाऊ दे, असं त्यांनी जीपपुढे हात जोडून म्हटलेलं मी ऐकलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ही पैज आपण हरावी असं त्यांनाही वाटत होतं.

दिंडोरी गेली, वणी गेली, काटा जागचा हलला नाही. साडू शीळ घालत होते. घाट लागला, पहिली वळणं आम्ही दिमाखात घेतली, पंखा घुंई आवाज करत होता. आणि मग काटा हलला. साडूंची शीळ थांबली. आणखी एका वळणावर फोडणीचा वास आला.

कठड्याशी गाडी घेतली. साडू उतरले, मी मागोमाग. पुढे जाऊन बघतो तर पंखा अगदी मन लावून काम करत होता. त्याने अक्कांचा हार ओढून जाळीला गच्च चिकटवला होता, आणि पाकळ्या आत शिरून रेडिएटरचं तोंड केशरी झालं होतं. वाऱ्याला आत जायला जागाच उरली नव्हती. साडूंचं वर्षभराचं गणित बरोबर निघालं होतं. मी अक्कांना हाक मारायला वळलो, तेवढ्यात साडूंनी माझा दंड धरला. मग हार हळूच सोडवून बाजूला ठेवला, जमतील तेवढ्या पाकळ्या वेचून खिशात कोंबल्या आणि अक्कांसमोर जाऊन उभे राहिले.

"पंखा कमी पडला," ते म्हणाले. "माझाच अंदाज चुकला." आणि किल्ली काढून ओटीच्या ताटात ठेवली.

एका शब्दाने गाडी वाचली असती, आणि तो शब्द त्यांनी गिळला. मला भडभडून आलं. इंजिन निवेपर्यंत थांबायचंच होतं, म्हणून अक्कांनी डबा उघडला. कठड्यावर बसून आम्ही चिवडा आणि शंकरपाळे खाल्ले. खाली भाताची सोनेरी खाचरं दिसत होती, वारं सुटलं होतं. साडूंनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि झेंडूच्या पाकळ्या सगळीकडे उडाल्या. अक्कांनी त्या पाकळ्यांकडे बघितलं, मग जीपच्या मोकळ्या तोंडाकडे बघितलं.

"अहो," त्यांनी किल्ली उचलून त्यांच्या हातात दिली. "पुढच्या वर्षी हार बारीक ओवते."

पुढच्या वर्षी हार बारीकच होता आणि जीप एका दमात गडावर गेली. त्यानंतरही जात राहिली. पण का कोण जाणे, त्या वळणावर आल्यावर अक्का दर वर्षी गाडी थांबवायला लावायच्या आणि डबा उघडायच्या. साडू काट्याकडे बोट दाखवून, गाडी गार आहे, असं सांगायचे. अक्का म्हणायच्या, असू दे.

पुढे साडूंची नजर कमी झाली आणि जीप त्यांनी आपणहून विकली. घेणाऱ्याला ते अंगणात पंख्याची एकेक वायर समजावून सांगत बसले होते. अक्का फाटकाशी उभ्या होत्या. जीप गल्लीच्या टोकाला वळली, तिचा आवाज येईनासा झाला, तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो तर पदराने डोळे टिपत होत्या.

"आता एस.टी.नेच जायचं गडावर," त्या म्हणाल्या. "ती कशाला थांबतेय घाटात."