दामिनीचा डावा गुडघा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळच्या आमच्या गावात बापूराव क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आहेत. आयुष्यात त्यांनी कबड्डीची एकही चढाई केलेली नाही, पण छातीवर बिल्ला आणि हातात माइक कायम. खेळाडूच्या शरीराबद्दल त्यांना जेवढं कळतं, तेवढं मंडपाच्या खांबालाही कळत असावं.

दामिनी त्यांच्याच संघातून चढाई करायची. वडील इस्तारी तलावात मासे धरतात, आई रुखमा ते बाजारात विकते. पोरगी तेव्हा सतरा वर्षांची. धरायला जाणाऱ्यांच्या हाती नुसता वारा लागायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी उपांत्य सामन्यात ती डाव्या पायावर गर्रकन वळली आणि गुडघ्यात कट् आवाज झाला. बाहेर बसलेल्या मुलींनीही तो ऐकला. घटकाभरात गुडघा टम्म फुगला.

"नस चढली," बापूराव म्हणाले. "उद्या फायनल आहे. पाहुणे येऊन राह्यले."

त्यांनी तेल चोळायला माणूस लावला, स्प्रे मारला, पट्टी करकचून बांधायला लावली. फायनलच्या दुसऱ्याच चढाईत गुडघा निसटला आणि ती कोसळली. तिला उचलून नेत असताना हे महाशय माइकवर म्हणाले, "पोरगी घाबरली." पुढे गावभर सांगत सुटले, नाटक करून राह्यली म्हणून.

नाटक करणारी ही पोरगी दोन महिने तलावाची पाळ उतरताना आईचा खांदा धरायची. शेवटी रुखमानं तिला चंद्रपूरला नेलं. एमआरआय पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुडघ्याची हाडं धरून ठेवणारा आतला लिगामेंट पूर्ण तुटला आहे. त्यावर पुन्हा खेळल्यामुळे हाडांमधली गादीही फाटली. कोणी खेळवलं हिला?"

"आमच्या अध्यक्षानं," रुखमा म्हणाली.

डॉक्टरबाईंनी ते काही कागदावर लिहिलं नाही. असल्या रोगावर औषध नसतं.

नागपुरात ऑपरेशन झालं. तिच्याच मांडीमागचा स्नायुबंध काढून गुडघ्यात नवा लिगामेंट बसवला. मग व्यायाम: टाच सरकवणं, पाय ताठ उचलणं, रोज, रडत रडत. ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात बापूराव शाल, नारळ आणि फोटोवाला घेऊन दारात आले.

"चालता येते ना तुले? मंग खेळता काऊन नाई येत?"

दामिनी खाटेवर पाय उचलत होती. ती थांबली नाही. "भाऊ, डॉक्टरनं नऊ महिने तरी थांब म्हटलं. तुमी माइक सांभाळा, गुडघा मी सांभाळीन."

इस्तारीनं शालीची घडी घालून परत दिली. फोटोवाला फोटो न काढताच गेला.

अकराव्या महिन्यात, एका पायावरच्या उड्यांची चाचणी पार झाल्यावर, ती राजुऱ्यात दुसऱ्या संघाकडून खेळली. पहिल्या चढाईत डाव्या पायावर वळायचं टाळत राहिली, त्यात बाद झाली. नंतर दोन गुण आणले. संघ हरला. पूर्वीचा वेग आला नाही, तो येईल असं तीही म्हणत नाही.

त्या पोरीले आपणच घडवलं, असं बापूराव आता टपरीवर सांगतात. ऐकणारे चहा पितात. यंदा गावातल्या चार मुलींनी त्यांच्या मंडळात नाव दिलं नाही. त्या सकाळी दामिनीकडे जातात. ती त्यांना आधी उडीनंतर जमिनीवर नीट उतरायला शिकवते.