पुढच्या चाकाचा टायर

तो टायर मी निवडला होता. ड्रायव्हरांनी नको म्हटलं असताना निवडला, आणि फुटल्यावर दोष त्यांच्यावर ढकलला.

लढाईचे दिवस होते. नगरहून शेवगावला जाणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीची व्यवस्था मी मालकाच्या वतीने पाहत असे. रोजचा लांबचा रस्ता, खडीचा, मध्ये करंजीचा घाट. नवा टायर परवान्याशिवाय मिळत नसे आणि परवाना आम्हाला मिळत नव्हता. भिंगारच्या बाजारात जुन्या टायरवाल्याकडे दोनच टायर आमच्या मापाचे निघाले. एक पार गुळगुळीत झालेला. दुसऱ्यावर नवं रबर चढवलेलं, नक्षी ठसठशीत.

ड्रायव्हर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, भिंगारचेच. त्यांनी नक्षीकडे पाहिलंही नाही. टायरची बगल अंगठ्याने दाबली, तशा बारीक चिरा उघडल्या.

"साहेब, ह्यो आतून म्हातारा हाय. गुळगुळीत घ्या. बगल घट हाय त्याची."

"उतारू चढताना चाक बघतात, मामा. गुळगुळीत टायर बघून दुसऱ्या मोटारीत बसतील."

"मग मागं लावा. पुढं नगं."

"गुळगुळीत डोक्याला गुळगुळीतच आवडणार!" मी म्हणालो. दुकानदार हसला. मामांनी टकलावरून हात फिरवला आणि तेही हसले. नक्षीचा टायर पुढच्या चाकाला चढला.

आठवड्याभरात, घाट उतरून सपाटीला लागल्यावर तो फुटला. मोटार रस्त्याकडेच्या लिंबाच्या झाडावर आदळली. एका म्हातारीचा हात मोडला. मामांनी ब्रेक न दाबता स्टिअरिंग धरून ठेवलं, म्हणून एवढ्यावर निभावलं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मोटारस्टँडवर सगळ्यांसमोर मालकांनी मला विचारलं, "गाडी पळवली होती का?"

मी म्हणालो, "घाटात जरा सोडली होती."

एवढंच. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली मालकांच्या हातात दिली. मालकांनी त्यांना शेडमध्ये पंक्चर काढायला बसवलं. फुटका टायर तिथेच खुंटीला टांगलेला होता, बगलेची चीर वर करून. मी रोज तिथून जाई. मामांनी ती चीर कधी कुणाला दाखवली नाही. स्टँडवरची माणसं मात्र त्यांना 'पळवे मामा' म्हणू लागली. लढाई संपली, नवे टायर येऊ लागले, तरी ते पाटावर बसून ट्यूब घासतच होते. मला त्या वाटेने जाण्याचाही शीण येऊ लागला.

शेवटी एका रविवारी, चर्च सुटल्यावर, मी त्यांच्या घरी गेलो. उंबऱ्यात उभा राहून बोलायला लागलो, तोच त्यांनी हात वर केला.

"हितं नगं, साहेब. माझ्या बायकोला ठावं हाय मी गाडी पळवली न्हाई. जिथं बोललात, तिथं बोला."

सोमवारी सकाळी पहिली मोटार भरत होती. मालक होते, दुसऱ्या मोटारींचे ड्रायव्हर होते. मी मामांना शेडमधून बोलावलं. ते हात पुसत आले.

"गाडी मामांनी पळवली नव्हती," मी म्हणालो. "टायर मी निवडला होता. त्यांनी चिरा दाखवल्या, तरी घेतला. मी खोटं बोललो. मामा, मला माफ करा."