लाईट गेली की पिन काढायची

आमच्या वस्तीवर लाकूड कापायचा कटर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं पोरानं आणलाय. पोरानं कशाला आणायचा, मी आणला. गाई विकल्यावर गोठा रिकामा पडला होता. गव्हाण काढली, खाली कोबा केला, खिडकी पाडून घेतली आणि मधोमध ते लोखंडी टेबल ठेवलं. टेबलातून वर आलेलं गोल दातेरी पातं, खाली मोटार, बाजूला बटण. पाट, चौरंग, देवघराची फळी, असलं काय काय मी त्याच्यावर करते. आता कळस, वरकुटे अशा आजूबाजूच्या गावांपर्यंत माझे पाट गेलेत.

मी सुताराच्या घरातली नाही. माहेर पणदऱ्याचं, तिथं ऊस आणि म्हशी. शिकले ती मोबाईलवर. कुठल्या कुठल्या देशातले बाप्ये त्यात लाकूड कापत असतात. त्यांचं बोलणं मला कळेना, म्हणून आवाज बंद करून नुसते हात बघायचे. हात कुठं ठेवतात, पाय कुठं रोवतात, पातं थांबेपर्यंत काय करतात. त्यातही काहीजण बेफिकीर असतात, पण ते ओळखू येतात. त्यांचं बघणं मी सोडून दिलं. मग इंदापुरात लाकडाच्या वखारीत जाऊन बसायला लागले. तिथल्या एका कारागिराला एक बोट कमी होतं. कसं गेलं विचारलं, तर म्हणाला, "घाईत न्हाय गेलं, आजी. काम झाल्यावर गेलं. पातं थांबलंय असं वाटलं." मी त्या दिवशी घरी आले ती तेवढं वाक्य घेऊनच.

कपड्यांचं तर बाईमाणसाला फार बघावं लागतं. पदर, मंगळसूत्र, बांगड्या, सगळं लोंबणारं आणि हलणारं. आमच्याकडं उसात कामाला जाणाऱ्या बायका साडीवर पुरुषाचा सदरा घालतात, पाचटानं हात कापू नयेत म्हणून. मी म्हटलं, तोच बरा की. मालकांचा जुना सदरा घेतला, बाह्या टाचून घट्ट केल्या. पदर कमरेला खोचून सदऱ्याच्या आत, मंगळसूत्र आत, बांगड्या मनगटाच्या बटणाखाली. डोळ्यांना चष्मा आहेच, त्यावर भुशासाठी दुसरा मोठा. पोरानं बारामतीहून मोठ्या प्रेमानं हातमोजे आणले होते. त्याला सांगितलं, "बाळा, मोज्याचा दोरा पात्यात गेला तर पातं एकटा मोजा नेत न्हाय, हात बी नेतं." ते मोजे भेंडी तोडायला छान आहेत.

तर सांगायचं होतं ते माझ्या धाकट्या जावेचं. आमची घरं एकाच वस्तीवर, मधे फक्त एक बाभळ. त्यांच्याही गाई गेल्या, पोरं नोकरीला लांब. एक दिवस ती गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आक्का, मला बी दाखवा की." मी तिला आधी पंधरवडाभर बटणाला हात लावू दिला नाही. नुसतं माप घे, खूण कर, भुसा झाड, बघ. मग लाकूड पुढं सारायची काठी तिच्याकडून करून घेतली. पात्याजवळ हात न्यायचा नाही, काठी न्यायची. काठी कापली गेली तर दुसरी करता येते. पात्याच्या समोर उभं राहायचं नाही, जरा बाजूला राहायचं. पात्यावरची टोपी, म्हणजे वरचं झाकण, काढायची नाही. ती शिकली. तिचा पहिला पाट डुगडुगत होता. तो तिनं कुणाला दिला नाही, त्याच्यावर स्वतः बसून जेवली.

भावजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हे पसंत नव्हतं. माणूस वाईट नाही. वस्तीवर कुणाची मोटार बंद पडली, केबल जळाली, तर त्यांनाच बोलावणं येतं. एक दिवस माझ्या ओट्यावर बसून म्हणाले, "वयनी, तुमचं ठीक हाय. हिचं न्हाय जमायचं. हिचं भाजी चिरताना सुद्धा ध्यान नसतं."

जाऊ आतून म्हणाली, "भाजी चिरताना तुमी बोलत असता म्हणून."

"बघा. एका बोटाचा सवाल हाय का? सगळा हात जाईल. मी एक दिवस येतो, बघतो, मग काय ते ठरवतो. तवर हिनं तिकडं जायाचं न्हाय."

त्यांचा शब्द तिनं कधी मोडलेला नाही. पुढचे चार दिवस ती बाभळीच्या अलीकडं आली नाही. मीच गेले तर तांदूळ निवडत बसली होती. निवडलेलेच परत निवडत होती. म्हणाली, "आक्का, गोठ्यात आले की दुपार कशी जाती ती कळत न्हाय. हितं घरात दुपार सरतच न्हाय. ह्यांनी न्हाय म्हटलं तर मी काय करू?"

"काय करायचं म्हणजे? रोज करतीस तसं काम करायचं. ते बघतायत म्हणून जास्तीचं काही करू नको."

भावजी आले ते प्लास्टिकची खुर्ची घेऊनच. ती त्यांनी नेमकी पात्याच्या रेषेत मांडली. मी म्हटलं, "भावजी, तिथं नको. लाकूड उलटं आलं तर सरळ पोटात बसंल." खुर्ची सरकवली त्यांनी, पण तोंडावर असं की, बघा, मी म्हणत नव्हतो का?

जावेनं सदरा घातला, बटणं लावली. सागाची लांब फळी होती, उभी चिरायची. मोटार चालू केली, आवाज एकसारखा होऊ दिला आणि फळी सारायला लागली. हात स्थिर होते. मी भिंतीला टेकून उभी होते, मला एक शब्द बोलावा लागला नाही. फळी अर्धी चिरली आणि लाईट गेली.

आमच्याकडं लाईट जाण्याचं कुणाला नवल नाही. पातं हळूहळू थांबलं. ती हात तसाच धरून उभी राहिली, पुरतं थांबेपर्यंत. मग बटण बंद केलं, बोर्डातली पिन काढली आणि वायरीसकट टेबलावर ठेवली, डोळ्यांसमोर. हा माझा नियम. पात्याला हात लावायचा तर पिन आपल्याला दिसली पाहिजे. बटण बंद आहे का चालू हे बघताना माणूस चुकतो, पण टेबलावर पडलेली पिन कुणालाही दिसते. फळी पात्यात अडकली होती. म्हटलं, राहू दे, आधी चहा पिऊ.

आम्ही दोघी घरात गेलो. भावजी म्हणाले, "माझा हितंच आणा."

चहा घेऊन आलो. जावेनं कप त्यांच्या हातात दिला आणि अडकलेली फळी ओढून काढायला टेबलाकडं वळली. एक हात पुढं गेलाही. मग थांबली. टेबलावर बघितलं, भुसा सारून बघितलं, हात मागं घेतला.

"पिन कुठं हाय?"

"मी लावली," भावजी म्हणाले. "बटण बी चालू करून ठिवलंय. लाईट आली की कळंल."

त्यांचं तरी काय चुकलं म्हणायचं. सगळी हयात विहिरीवर गेली. तिथं मोटारीला ऑटो लावलेला असतो, लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते आणि पाणी धरायला माणूस धावतो. चालू करून ठेवायचं आणि वाट बघायची, ही आमच्या शिवारातल्या प्रत्येक हाताची सवय. विहिरीवर ती चालून जाते. तिथं मोटारीजवळ कुणाचा हात नसतो.

जाऊ टेबलाला वळसा घालून गेली, बटण बंद केलं, पिन उपसली, परत टेबलावर आणून ठेवली. फळीला हात घातला. ती फळी निघते न निघते तोच वरचा बल्ब लागला.

बल्ब लागला, एवढंच झालं. पातं जागचं हललं नाही. तिचे दोन्ही हात पात्याच्या दोन बाजूंना होते.

भावजींनी बल्बकडं बघितलं, मग तिच्या हातांकडं. कप खाली ठेवला. चहा तसाच होता. जे त्यांना दिसत होतं ते मी सांगून काय वाढणार होतं.

तिनं फळी बाजूला घेतली, पिन लावली, मोटार चालू केली, पात्यानं वेग धरल्यावर फळी परत त्याच चिरेत हळू सारली आणि शेवटपर्यंत नेली. शेवटच्या वितीला काठी. मोटार बंद. पातं थांबेपर्यंत हात पाठीमागं. पिन टेबलावर. मग चष्मा काढून नवऱ्याला विचारलं, "मग, उद्या येऊ का नको?"

भावजी उठले, खुर्ची उचलली. "मला काय इचारती," म्हणाले. "तुझं ध्यान माझ्यापरीस बरं हाय."

"तुमीच तर भाजी चिरताना ध्यान न्हाय म्हणत हुता."

"भाजीचं अजून बी तसंच हाय."

"तुमी परत बघायला आलात तर कशाला बी हात लावायचा न्हाय," ती म्हणाली. "नुसतं बसायचं."

"बसंन की," म्हणाले, आणि खुर्ची डोक्यावर घेऊन बाभळीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी माझी भांडी घासून व्हायची होती, तेवढ्यात ती गोठ्याची किल्ली मागायला दारात उभी.