हात पाठीमागे

आमची मुलगी पाच वर्षांची आहे. गेल्या नाताळात ती कितीतरी दिवस हात पाठीमागे बांधून चालत होती, शाळेत हेडमास्तर फिरतात तशी. बघणारे हसायचे, "काय ऐट आहे!" म्हणायचे. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची, कारण ते हात मागे कुणी नेले हे मला ठाऊक होतं.

रोह्यात आम्ही ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच. बहुतेकांच्या घरचं कुणी ना कुणी धाटावला कंपनीत आहे. रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना होते. पाळकसाहेब लांबून येतात, तेही कधीमधी, त्यामुळे मंडळीचा सगळा कारभार मुख्य पंचांच्या हातात. मी त्यांना काका म्हणते. माणूस खटपटी आहे. हॉल त्यांनी मिळवला, खुर्च्या त्यांनी आणल्या, नाही कशाला म्हणू? पण हा मान त्यांच्या अंगात इतका भिनला आहे की 'माझं चुकलं' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत.

नाताळसाठी काकांनी पेणला गणपतीच्या कारखान्यात गव्हाणीचा देखावा करून घेतला. मरिया, योसेफ, बाळ येशू आणि मेंढरं, सगळं शाडूचं. घडवणाऱ्यांचा हात गणपतीवर बसलेला, म्हणून योसेफाच्या धोतराला सोनेरी काठ आला आणि मेंढरांचे डोळे चांगले आखीवरेखीव झाले. आम्हाला ते फार आवडलं. मूर्ती काका स्वतः एसटीने घेऊन आले. बाळ येशूला तर त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि हॉलमध्ये मांडेपर्यंत दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नव्हता.

देखावा मांडला त्या रविवारी उपासना संपल्यावर मुलं देखाव्याभोवती जमली. माझ्या मुलीला दोन वर्षांचा भाऊ आहे, त्यामुळे बाळ उघडं दिसलं की पांघरूण घालायचं, एवढं तिला कळतं. तिने आपला रुमाल बाळ येशूच्या अंगावर पसरला, गळ्याशी नीट खोचायला गेली, आणि त्याचं डोकं मानेपासून सुटून गव्हाणीत पडलं.

"कुणाची ही कार्टी?" काका ओरडले. "देवाच्या घरात हात शिवशिवतात काय? हात मागं घे! परत कशाला लावशील तर बघ!"

कुणाची म्हणे! तिच्या बाप्तिस्म्याला हेच पहिल्या रांगेत बसले होते.

तिने हात मागे घेतले. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. घरी पाण्याचा पेला पुढे केला तर म्हणाली, "तूच पाज." भाऊ धावत आला तर भिंतीला चिकटून उभी राहिली. त्याला उचलून घेतल्याशिवाय एरवी तिचा दिवस जात नाही.

त्याच आठवड्यात हॉल झाडायची पाळी माझी होती. जोडता आलं तर बघावं म्हणून मी ते डोकं उचललं. मानेवर आधीचाच डिंक सुकला होता, चांगला जाड थर. म्हणजे मान अगोदरच मोडलेली होती आणि कुणीतरी ती चिकटवून ठेवली होती. आणि मूर्ती कुणाच्या हातात होती हे तर सगळ्या रोह्याला माहीत होतं. झाडू तिथेच टाकून मी काकांच्या घरी गेले.

त्यांनी नाकारलं नाही. तेवढं श्रेय देते.

"व्हय, खांब गावाजवळ एसटी खड्ड्यात आदळली तेव्हाच मान गेली," ते म्हणाले. "घरी आणून चिकटवली मी. पण आता जाऊ दे गो. पोर हाय, विसरंल. मी पुढं उभं राहून असं काय बोललो, तर लोकांचा माझ्यावर इश्वास राहील काय?"

पोर विसरेल! घरच्या घरात पाण्याचा पेला धरायची हिंमत हरवलेलं पोर विसरेल, आणि यांच्यावरचा विश्वास मात्र एका मानेवर तोललेला. मंडळीला कळप म्हणायचं, स्वतःला मेंढपाळ म्हणवून घ्यायचं, आणि खड्डा आपल्याला लागला की खापर कोकराच्या डोक्यावर फोडायचं. हे कुठल्या शुभवर्तमानात लिहिलं आहे?

आमच्या घरात पुढारीपण कसं असतं ते मी सांगते. नवरा एकदा शिफ्टला निघाला होता आणि गाडीची चावी सापडेना. उशीर होत होता. तो मुलीवर खेकसला, "तूच खेळायला घेतली असशील." चावी त्याच्याच दुसऱ्या पँटीत निघाली. गाडी सुरू केलेली त्याने बंद केली, बूट घालूनच आत आला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "चूक माझी होती, पोरी." त्याचा मान कमी झाला नाही. उलट त्यानंतर कुठलीही वस्तू फुटली की ती स्वतः येऊन सांगायची. लेकरं आपल्या उपदेशाने घडत नाहीत, आपण चुकल्यावर काय करतो ते बघून घडतात. मंडळीचं वेगळं असतं का?

काकांना मी एवढंच म्हणाले, "जिथे ओरडलात, तिथेच सांगा."

पुढच्या रविवारी त्यांनी लांबलचक प्रार्थना केली. "प्रभू, आम्हा सर्वांच्या चुकांची क्षमा कर." सर्वांच्या! चूक एकाची आणि वाटणी अख्ख्या मंडळीत. मी आमेन म्हटलं नाही.

मग काकांनी माझ्या मुलीला पुढे बोलावलं आणि हसत हसत एक मोठं चॉकलेट तिच्यासमोर धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाईल वर केला. मुलीने हात पाठीमागून काढलेच नाहीत.

"घे ना," काका म्हणाले.

"नको. माझ्या हातून मोडंल."

टाळ्या थांबल्या. काकांचा हात तसाच पुढे राहिला. मग ते गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले.

मी उभी राहिले. "काका, मोठ्याने."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले होते. पण बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असे. "बाळ येशू तू नाय मोडलास. माझ्या हातात मोडला. मी लपवलं."

मुलीने थोडा विचार केला आणि चॉकलेट घेण्यासाठी एक हात पुढे केला. दुसरा अजून पाठीमागेच होता.