गड्यांना ताकीद

"वाका ना ताई. सगळ्यांना दिसू द्या."

सरांनी मूठभर ज्वारी फरशीवर फेकली अन् मला म्हणाले. लई शिकलेले सर. बीडहून गाडी करून आलते, आमच्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात दोन दिवसांचं शिबिर घ्यायला. बायबलच्या काळात लोक काय पेरायचे, कसे राहायचे, हे कळलं की वचन कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काय न्हाई.

त्या दिवशीचा विषय सरवा. परक्या मुलखातली विधवा सून दुसऱ्याच्या रानात कापणीमागं राहिलेली कणसं वेचते, ती गोष्ट. सरांनी विचारलं, सरवा इथं कोण वेचतं? मंदिरात प्रार्थना घेणाऱ्या पाळकांच्या बायकोनं माझ्याकडं बोट केलं. झालं. मी नमुना झाले.

वाकले. सवय हो, दुसरं काय. पदर खोचला, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यानं दाणे. मागं सगळे पुरुष बसलेले. कुणीतरी मोबाईल काढला. अन् पुढच्या खुर्चीत, गळ्यात हार घालून, आमच्या गावचे मालक. मंडप त्यांनी दिलता, म्हणून पाहुणेही तेच. हसत होते.

बोटांत दाणा धरंना.

वीस-बावीस वर्षं झाली आसतील. लग्न करून नुकतीच आलते. ह्याच मालकाचं सोयाबीन निघालं होतं अन् मी मागं राहिलेल्या शेंगा वेचत होते. धसकटं पायात घुसत होती, म्हणून नजर खाली. त्यांच्या एका गड्यानं मागून येऊन धरलं. ओरडले का ते आठवत न्हाई. चावले, एवढं आठवतं. ओटीतल्या शेंगा तिथंच सांडल्या अन् मी पळाले. मालक बांधावर उभे होते. त्यांनी सगळं बघितलं. म्हणाले, "सरवा काय फुकट भेटतो व्हय?"

घरी सांगितलं न्हाई. नवऱ्याला तर न्हाईच. म्हणला आसता, गेलीसच कावून. तेव्हापासून मी बांधाला पाठ लावूनच वेचते, मागून कुणी यायला नको. शेंगा कमी मिळतात.

अन् उद्या माझी पोरगी सरव्याला जाणार होती. एकोणीस पूर्ण झालीत तिला. माझे गुडघे गेलेत, म्हणून तिनंच ठरवलेलं. मालकाचं सोयाबीन कालच निघालं. ती दारापाशी बसून माझ्याकडं बघत होती.

सर बोलतच होते. त्या काळी शेताचे कोपरे कापायचे न्हाईत, खाली पडलेलं परत उचलायचं न्हाई, असा देवाचा नियम होता म्हणे. ते गरिबाचं, विधवेचं, परक्याचं. भीक न्हाई, हक्क. हे मला आजवर कुणी असं उलगडून सांगितलं न्हवतं. वाकल्या वाकल्या ऐकत होते मी. मग सर म्हणाले, गोष्टीतला मालक किती दयाळू, त्या बाईला आपल्या माणसांत बसवून जेवू घातलं. अन् खुर्चीकडं बघून हात जोडले.

मधलं एक सरांनी गाळलं. मला ती गोष्ट पाठ हाय. जेवणाच्या आधी तो मालक तिला सांगतो, तुला हात लावायचा न्हाई म्हणून गड्यांना ताकीद दिलीय. आधी ताकीद, मग जेवण. ताकीद कावून दिली? गडी हात लावत होते म्हणून. त्याही काळी.

मी उभी राहिले.

"सर, गड्यांचं राहिलं."

"ताई, ते एवढं महत्त्वाचं नाही. तुम्ही वेचा."

आमचा रस्ता मालकाच्या बांधावरून. नवरा त्यांच्याच ट्रॅक्टरवर. सगळं डोळ्यांपुढं आलं. तरी तोंडातून निघून गेलं.

"मालक, तुमी कधी दिली का ताकीद? मला धरलं तवा तुमी बांधावर होता."

मालकांनी हार काढून खुर्चीवर ठेवला, पाळकांना म्हणाले, "बाईला समजवा," अन् गेले. सर माईकची वायर गुंडाळू लागले. पाळक मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, जागा तरी बघायची बाई.

घरी आल्यावर नवऱ्यानं एवढंच विचारलं, "कोण गडी?" मी नाव सांगितलं. तो खाली बसला. त्या गड्याशेजारीच तो रोज भाकर खातो.

दिवस मावळायच्या आत चार बाया आल्या. एकीनं दुसऱ्याच गड्याचं नाव घेतलं. एक नुसती बसून राहिली.

मला भ्या वाटतंय. ट्रॅक्टर जाईल, रस्ता बंद होईल. होऊ दे म्हणण्याइतकी मी धीट न्हाई. पण उद्या आमी साऱ्याजणी मालकाच्या रानासमोर सडकेवर उभ्या राहणार. मालकानं गडी बोलवायचे अन् आमच्या देखत, एकेकाचं नाव घेऊन ताकीद द्यायची. तोवर त्या रानात कुणाचा पाय पडणार न्हाई.

पोरगी म्हणाली, "अन् न्हाई दिली तर?"

तर घरी यायचं. परवा पुन्हा जाऊन उभं राहायचं.