जॉब कार्डवर नसलेली ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती जाऊन चार वर्षं झाली, आणि मी तिच्यापासून काही लपवत नाही असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. मित्र म्हणावा असा कुणी उरलेला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत असती, तर एवढी वर्षं लागली असती का?

पण आधी माझं नाव किती चांगलं आहे ते ऐका. नांदेडात आमच्या कॉलनीत मला सगळे 'कागदवाले काका' म्हणतात. कुणी नवी गाडी घेतली, की देवाला नारळ फोडून झाला की माझ्या दारात येतात. मी प्रत्येकाला तेच सांगतो, आणि जरा दमात घेऊनच सांगतो. सर्व्हिसिंगला गाडी टाकली की तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायची. 'जनरल चेकअप' असं दिसलं की पेन खाली ठेवायचं, सही करायची नाही. किलोमीटर किती झाले ते कार्डावर आहे का बघायचं, वॉरंटीच्या पुस्तकावर शिक्का आपल्या डोळ्यांसमोर मारून घ्यायचा, पिवळी कार्बन कॉपी मागून घ्यायची. ते म्हणाले, हे वॉरंटीत बसत नाही — तर म्हणायचं, तेवढंच लिहून द्या. आणि घरी गेल्यावर तो कागद दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यायचा.

या शेवटच्या वाक्याला लोक हसतात. आम्हाला वाचता येतं की काका, म्हणतात. मीही हसतो. मग ते चहाला बोलावतात आणि मी काहीतरी कारण काढून जात नाही. अर्धापूरच्या एका माणसाचा गिअरबॉक्स माझ्या सांगण्यामुळे फुकट बदलून मिळाला, तर त्यानं केळीचा अख्खा घड आणून ठेवला. एकट्या माणसानं घडभर केळी किती खायची? काळी पडली, फेकून दिली.

मुद्द्यावर येत नाहीये मी, कळतंय मला.

मी लातूरला होतो तेव्हा एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. काउंटरला उभं राहायचं, गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं, जॉब कार्ड भरायचं, सही घ्यायची. कार्ड इंग्रजीत भरायची पद्धत होती. गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त खेड्यातलं, त्यामुळे सही करण्याआधी हमखास प्रश्न यायचा — काय लिहिलं साहेब, वाचून दाखवा. आणि मी वाचायचो. वाचण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

ते मी कुठं शिकलो हेही सांगायला हवं. भूकंप झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आमचं गाव औशाकडचं. घर पडलं, आमची माणसं वाचली, शेजारची नाही वाचली. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा रोज कसले ना कसले फॉर्म यायचे, आणि लोक अंगठा उठवायच्या आधी माझ्यापुढं येऊन बसायचे. वाच बाबा, काय लिवलंय. मी प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून सावकाश वाचायचो. ज्यांच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं ती माणसं माझ्या बोटाकडं बघत ऐकायची. तिथं मी एक अक्षर खोटं वाचलं नाही. हे माझी बाजू सावरायला सांगत नाही. कागद वाचून दाखवणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं तुम्ही समजू नये, म्हणून सांगतोय.

ज्यांच्यासाठी हे सगळं सांगतोय ते गिऱ्हाईक, शफीकभाई, लातूरचेच. वडिलांचं शिलाईचं दुकान होतं, ते बंद करून त्यांनी नवी व्हॅन घेतली होती. तेव्हा लातुरात क्लासेसचं पीक आलेलं. गल्लोगल्ली पाट्या, घराघरात होस्टेल. रेणापूर, जळकोट, कुठनं कुठनं मुली येऊन राहायच्या आणि त्यांना होस्टेलवरून क्लासला नेणारा भरवशाचा माणूस हवा असायचा. शफीकभाईंच्या व्हॅनमध्ये अकरा मुली होत्या, आणि बारावी मुलगी त्यांची स्वतःची, नसरीन, इयत्ता नववीतली. मुलींचे आईबाप आधी शफीकभाईंना भेटायचे आणि मगच होस्टेल ठरवायचे, एवढा त्यांच्या शब्दाला मान होता. शाळा त्यांची उर्दूतून झालेली. मराठी बोलायचे झकास, वाचायचे अडखळत, इंग्रजी अजिबात नाही.

ते पहिल्यांदा तक्रार घेऊन आले तेव्हा गाडीला सहा महिने झाले होते. म्हणाले, "माने साहेब, पाणी कमी होऊन राहिलं. कुठं गळत तर न्हाई, पण दोन दिवसाला टाकावं लागतं. अन् काटा वर चढतो."

जाणत्या माणसाला एवढं सांगितलं की पुरे. गळत नाही आणि तरी रेडिएटरचं पाणी जातंय, म्हणजे इंजिनाच्या आत जातंय. इंजिन उघडून बघायला हवं होतं. गाडी वॉरंटीत होती, पैशाचा प्रश्नच नव्हता. पण तोवर मी सवयीनं कार्डावर लिहून मोकळा झालो होतो. इंग्रजीतून — जनरल चेकअप, तक्रार नाही. सगळ्यांचं तेच लिहायचो. त्यांनी विचारलं, "काय लिहिलं, वाचून दाखवा की."

आता इथं पेन उचलून एक ओळ लिहायची होती. दहा सेकंदांचं काम. मागं रांग होती, कार्बन बसवून झाला होता, खाडाखोड दिसली असती. ही काही कारणं आहेत का? नाहीत. मी लिहिलं नाही.

माझी चूक एवढीच, असं मी नेहमी सांगतो स्वतःला — की लिहून घेतलं नाही, हलगर्जीपणा झाला. बरं वाटतं तेवढ्यावर थांबलं की. पण ते खरं नाही. लिहून न घेणारे पुष्कळ होते आमच्यात. मी जे केलं ते वेगळं होतं, आणि तिथंच माझी जीभ अडकते.

पाणी टाकून, एक क्लिप आवळून गाडी दिली. दीड महिन्यानं ते पुन्हा आले, तीच तक्रार. आता तर लिहिणं जास्तच अवघड झालं. एकच तक्रार परत आली की मॅनेजर त्या कार्डाला लाल गोल करायचा आणि सोमवारच्या मीटिंगला सुपरवायझरचं नाव घेऊन विचारायचा. नोकरी जात नव्हती त्यानं. चारचौघांत दोन शब्द ऐकावे लागायचे, बस. तेवढ्यासाठी मी पुन्हा 'जनरल चेकअप' लिहिलं. तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, काय लिहिलं. तिन्ही वेळा सही केली, पिवळी कॉपी घडी घालून खिशात ठेवली, आणि "शुक्रिया साहेब" म्हणून गेले.

मग एका सकाळी, क्लासची मोठी परीक्षा होती त्या दिवशी, औसा रोडला इंजिन जाम झालं. मुलींना कसंबसं ऑटोत बसवून पाठवलं आणि व्हॅन ओढत आमच्याकडं आणली.

वॉरंटी बाकी होती, तेव्हा कंपनीचा माणूस तपासायला आला. त्याचं म्हणणं सरळ होतं — पाणी कमी असताना गाडी चालवली, तक्रार कधीच केली नाही, म्हणजे गिऱ्हाइकाचा निष्काळजीपणा, इंजिन वॉरंटीत मिळणार नाही. शफीकभाईंना बोलावलं. ते दुपारी आले, नसरीनला घेऊन. शांत होते. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात वॉरंटीचं पुस्तक आणि तिन्ही पिवळ्या कॉप्या इस्त्री केल्यासारख्या. त्यांना वाटत होतं की पुरावा त्यांच्या हातात आहे.

एवढे दिवस त्यांनी त्या कॉप्या घरात कुणाला वाचायला दिल्या नव्हत्या. का देतील? साहेबांनी वाचून दाखवलेलं होतं की.

त्यांनी कॉप्या टेबलावर ठेवल्या. "तीनदा सांगितलंय साहेब. लिहिलेलं हाय." कंपनीचा माणूस म्हणाला, असं काही नाहीये. तेव्हा शफीकभाईंनी पहिली कॉपी नसरीनकडं दिली आणि म्हणाले, "पढ बेटा."

तिनं वाचलं. चांगलं वाचायची पोरगी, इंग्रजीत हुशार म्हणून त्यांना केवढा अभिमान. जनरल चेकअप, नो कम्प्लेंट. दुसरी कॉपी — तेच. तिसरी वाचताना तिचा आवाज बारीक झाला.

शफीकभाई म्हणाले, "न्हाई न्हाई. माने साहेबांनी मला वाचून दाखवलं होतं. पाणी कमी होतं, गाडी तापते, असं लिहिलेलं हाय. विचारा की त्यांना."

कंपनीच्या माणसानं मला विचारलं, तुम्ही वाचून दाखवलं होतं?

हो, म्हणालो.

काय वाचलं होतं?

मॅनेजर माझ्याकडं बघत होता. शफीकभाईही बघत होते — आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, हे मला विसरता येत नाही. मी आता खरं सांगणार, यात त्यांना शंकाच नव्हती.

मी म्हणालो, "जे लिहिलंय तेच."

मग नसरीननं वडिलांच्या बाहीला हात लावला आणि खालच्या आवाजात, त्यांचा मान राखत म्हणाली, "अब्बा, तुमकू बराबर समझा नै हुंगा."

मी वाट बघत होतो की आता हा माणूस ओरडणार. माझी कॉलर धरणार. धरली असती तर बरं झालं असतं, असं कितीदा वाटलंय मला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते पोरीकडं बघत राहिले. अकरा घरच्या मुली ज्यांच्या शब्दावर लातुरात राहत होत्या त्या माणसानं स्वतःच्या मुलीसमोर मान खाली घातली आणि म्हणाले, "हां बेटा. वैसाच हुंगा."

इंजिन मिळालं नाही. दुसरं टाकणं त्यांना झेपणारं नव्हतं. मुली दुसऱ्या गाडीत गेल्या.

तीन दिवसांनी ते व्हॅन ओढून न्यायला आले. गाडी बाहेर काढायला गेटपासवर सही लागते. मी पास भरून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला, पेन घेतलं नाही. बाकावर जाऊन बसले. दुपारचे दोन वाजले होते. मी थोड्या वेळानं जवळ गेलो आणि — कसं म्हणवलं मला कोण जाणे — म्हणालो, "वाचून दाखवू का शफीकभाई?"

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "पोरगी येऊन राहिली शाळेतून."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते तीन तास त्या बाकावर बसले. मी काउंटरला गिऱ्हाइकं घेत होतो, कार्डं भरत होतो, लोक म्हणत होते वाचून दाखवा आणि मी वाचत होतो, आणि ते समोर बसून ऐकत होते. पाचच्या सुमाराला नसरीन दप्तर घेऊन आली. तिनं दोन ओळींचा पास वाचला. मग त्यांनी सही केली.

दोन महिन्यांत मी नांदेडला दुसरीकडं लागलो. पगार बरा आहे म्हणून सोडलं, असं बायकोला सांगितलं. नांदेडात मी एकाही माणसाची तक्रार लिहायची ठेवली नाही. लाल गोल झाले, बोलणी खाल्ली, चालवून घेतली. लोक म्हणायला लागले, मानेंसारखा सरळ माणूस नाही. पुढं पुढं तर नुसता सल्ला विचारायला यायला लागले. प्रत्येक वेळी कुणी असं म्हटलं, की मी त्या माणसापासून थोडा लांब झालो. असं होत होत आता घरात कुणी येतही नाही फारसं. दारातूनच विचारतात, मी दारातूनच सांगतो. जेवायला एक ताट, कपडे वाळत घालायला एक दोरी.

एकदा लातूरला गेलो होतो शोधायला. त्यांच्या घराचं मुलींचं होस्टेल झालं होतं. कुणी म्हणालं उदगीरला गेले, कुणी म्हणालं हैदराबादला. मी आणखी विचारलं नाही. खरं सांगू? सापडले नाहीत म्हणून मला हायसं वाटलं. परतीच्या बसमध्ये मी शेंगा विकत घेऊन खाल्ल्या.

नसरीन आता चाळिशीला आली असेल. तिला पोरं असतील. अब्बांना तेव्हा इंग्रजी कळायचं नाही, ऐकताना त्यांचा काहीतरी घोटाळा झाला आणि त्यात गाडी गेली, असं ती कधी पोरांना सांगत असेल.

त्यांचा घोटाळा झाला नव्हता. त्यांना बरोबर समजलं होतं. 'पाणी कमी होतं, गाडी तापते' — हेच मी वाचलं होतं. तीनदा. शेडमध्ये वाचायचो तसंच, सावकाश, शब्दाखाली बोट ठेवून. ते माझ्या बोटाकडं बघत होते, आणि बोटाखाली ती ओळ नव्हती.