आईच्या नावाने पाहिलेली नाडी

अमची आजींना नमस्कार करायची सोय नव्हती. हात जोडायच्या आतच त्या मनगट धरायच्या आणि विचारायच्या, "सकाळपासून काय खाल्लं?" तुम्हाला काय दुखतंय, हा त्यांच्या लेखी फार पुढचा प्रश्न.

तिबेटी वैद्याला अमची म्हणतात. आजी लहानपणीच तिबेटातून पळून आलेल्या. सगळं गमावून आलेल्या म्हाताऱ्या गुरूंनी हिमाचलात आपली वैद्यकी नव्याने उभी केली, तिथे त्या नाडी पाहायला शिकल्या. मग उभा जन्म गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीतल्या दवाखान्यात गेला. म्हणून तर टोरांटोजवळच्या वॉनमध्ये, मी खोली घेऊन राहायचो त्या घराच्या बेसमेंटमध्ये, मला माझी विदर्भातली बोली ऐकायला मिळाली. त्या तिथे मुलीकडे राहायच्या.

कॅनडात त्यांना डॉक्टर म्हणवून घेता येत नसे. तरी सकाळी उपाशीपोटी तिबेटी म्हाताऱ्या यायच्या, योगवाले गोरेही यायचे. एकदा मॉन्ट्रियलच्या एका शिबिरात त्यांना मानाने नेलं. लोक एनर्जीबद्दल विचारत होते आणि आजी विचारत होत्या, पोट साफ होतं का! परत आल्यावर म्हणाल्या, "औषध साऱ्या दुनियेत पोचलं बापू, पथ्य वाटेतच कुठं तरी सांडलं." मी पोट धरून हसलो होतो.

तेव्हा हसू येत होतं. मग नागपुरात आई आयसीयूत गेली. मी एकुलता एक, बाबा आधीच गेलेले. माझं वर्क परमिट संपलेलं, नव्याचा अर्ज केला म्हणून काम चालू; कायम राहायच्या परवान्याची, पीआरची, फाइल लटकलेली; देशाबाहेर पडलो की परत आत येईन याची खात्री नाही. मावशी फोनवर नुसती रडायची, आई आहे की गेली तेही कळेना. सगळ्यावर पाणी सोडून जायचं आणि आई भेटायचीच नाही, या भीतीने माझे पाय उचलत नव्हते.

जुन्या ग्रंथांत आहे म्हणे, रोगी जवळ नसेल तर त्याच्या पोटच्या मुलाची नाडी पाहून त्याचं कळतं. आजीच एकदा बोलून गेल्या होत्या. मी हात पुढे केला की त्या मागे सारायच्या. "तुह्या न् तिच्या मधात समुद्र आहे बापू. नाही समजत." वेअरहाउसच्या शिफ्टला जाताना रोज मी त्यांच्या दारात उभा. शेवटी एका सकाळी त्यांच्या किचनमध्ये खाली बसलो आणि त्यांचे पायच धरले.

"आजी, आई आहे का, एवढंच सांगा."

त्यांनी तीन बोटं टेकवली, डोळे मिटले.

"आहे. तुही माय आहे अजून. पण आजच नीघ."

मी निघालो. नागपूरला उतरलो तर मावशीचा मुलगा एकटाच घ्यायला आला होता. मी टोरांटोच्या विमानतळावर रांगेत होतो तेव्हाच आई गेली होती. माझ्यासाठी तिला ठेवलं होतं. मी अग्नी दिला. पुढे पीआरही नाकारला गेला. हातात काहीच उरलं नाही. मी संतापाने आजींना फोन लावला.

"तुम्ही खोटं सांगितलंत! मला आई भेटलीच नाही."

"हो," त्या म्हणाल्या. "तुही नाडी एवढी पळत होती, तिच्याखाली मले काहीच लागलं नाही. पण 'आहे' म्हटल्याबिगर तू निघाला नसता. तुह्या हातानं झालं ना तिचं?"

"झालं."

"मी पळून आली तवा माय तिकडंच राहिली. तिचं कोणी केलं, मले आजवर मालूम नाही."